सर चंद्रशेखर वेंकट रामन व त्यांचा अंधुक प्रकाश

शहाडच्या पुलावर उभें राहून उल्हास नदीकडे वर्षभर पाहणाऱ्यास एकच नदी निरनिराळ्या रंगांची दिसते. आषाढ-श्रावणांत तिचें पाणी गढूळ व तांबूस असतें. दिवाळीच्या सुमारास तें निवळून हिरवट होतें. आणि कल्याणच्या खालीं खाडीस मिळालें कीं तेंच करडें दिसूं लागतें. मुंबईबाहेर खोल समुद्रांत जाऊन आलेल्या लोकांस विचारावें, तर ते गडद निळ्या पाण्याचें वर्णन करितात. हा निळा रंग पाण्यास कोठून येतो, असा प्रश्न आमच्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं वडील माणसांस विचारला असेल, आणि आकाशाचें प्रतिबिंब पडतें एवढें उत्तर मिळतांच तो सोडूनहि दिला असेल. इंग्लंडांतील थोर शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचें उत्तरहि हेंच होतें. तेव्हां आमचा यांत फारसा दोष नाहीं. परंतु कलकत्त्याच्या एका बत्तीस वर्षांच्या प्राध्यापकांनीं तो प्रश्न सोडला नाहीं. त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन १९२१ च्या सप्टेंबर महिन्यांत नारकुंडा नांवाची आगबोट विलायतेहून मुंबईस येत होती. तिच्या डेकवर हे प्राध्यापक, चंद्रशेखर वेंकट रामन, एक लहानसा निकोलचा लोलक डोळ्यास लावून समुद्र पाहत उभे राहत. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तन पावलेला प्रकाश एका विशिष्ट कोनांतून पाहिला, तर या लोलकानें तो जवळजवळ पुसून टाकतां येतो. निळा रंग केवळ आकाशाच्या प्रतिबिंबाचा असता, तर प्रतिबिंबाबरोबर तोहि नाहींसा व्हावयास हवा होता. तो नाहींसा तर झाला नाहींच. उलट अधिक गडद दिसूं लागला. अर्थात् तो पाण्याच्या आंतूनच येत होता. पाण्याचे रेणु प्रकाश विखुरतात, हें त्याचें कारण रामन यांनीं दिलें. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतें, हीहि गोष्ट या रंगास मोठें कारण आहे, असें आज आपणांस ठाऊक झालें आहे. बोट मुंबई बंदरांत असतांनाच, २६ सप्टेंबर रोजीं, त्यांनीं या विषयावर नेचर या विलायती नियतकालिकासाठीं पत्र लिहिलें. त्या काळीं मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारी आगगाडी कल्याणवरून आमच्या शहाडच्या बाजूनेंच कसाऱ्याचा घाट चढावयास जात असे. तेव्हां घरीं परततांना रामन यांनीं आमची उल्हासहि खिडकींतून पाहिली असेल, असा तर्क करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजीं तिरुचिरापल्ली येथें झाला. वडील शिक्षक होते. पुढें ते विशाखापट्टणच्या कॉलेजांत गणित व पदार्थविज्ञान शिकविण्यास गेले, आणि मुलगा तेथील सेंट अलॉयसियस या मिशनरी हायस्कुलांत शिकूं लागला. वयाच्या अकराव्या वर्षीं तो मॅट्रिक झाला. आमच्या शाळेंतील मुलांनीं हें वाचून घाबरूं नये. अकराव्या वर्षीं मॅट्रिक होणें हा नियम नव्हे. आईबापांनीं तर हें वाक्य मुलांपुढें मोठ्यानें वाचूंच नये, अशी आमची विनंती आहे. पुढें मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतून ते सन १९०४ मध्यें बी. ए. व १९०७ मध्यें एम. ए. झाले. पदार्थविज्ञानाचें सुवर्णपदक त्यांस मिळालें. सुवर्णाचा संबंध त्यांच्या नांवाशीं पुढें निराळ्याच रीतीनें यावयाचा होता. तें शेवटीं सांगूं. विद्यार्थी असतांनाच, सन १९०६ मध्यें, त्यांचा पहिला संशोधनपर निबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिन या मासिकांत छापून आला. विलायतेस पाठवावें असा गुरुजनांचा विचार होता, परंतु विलायतेची हवा या किरकोळ प्रकृतीच्या मुलास मानवणार नाहीं, असा अभिप्राय मद्रासच्या सिव्हिल सर्जननें दिला. हा किरकोळ मुलगा पुढें ब्याऐंशीं वर्षें जगला.

विज्ञानावर पोट भरण्याची सोय त्या काळीं हिंदुस्थानांत जवळजवळ नव्हतीच. म्हणून रामन सरकारी हिशेबखात्याच्या परीक्षेस बसले, तींत पहिले आले, आणि १९०७ मध्यें कलकत्त्यास मोठ्या पगाराच्या जागेवर रुजू झाले. त्याच वर्षीं लोकसुंदरी अम्माळ यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्या वीणा वाजवीत, आणि वाद्यांच्या नादाचें शास्त्र हा रामन यांच्या आवडीचा विषय होता. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचा जाड थर कां देतात व त्यामुळें तिचा नाद सुरेल कसा होतो, याचा उलगडा त्यांनींच पुढें केला.

कलकत्त्यास असतांना एके दिवशीं ट्रॅममधून जातांना बहुबाजार रस्त्यावर त्यांस एक पाटी दिसली. डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनीं १८७६ मध्यें स्थापिलेल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेची ती पाटी होती. प्रयोगशाळा होती, उपकरणें होतीं, परंतु काम करणारें फारसें कोणी नव्हतें. रामन आंत शिरले. त्यानंतर त्यांचा दिनक्रम ठरून गेला. पहाटे साडेपांचास प्रयोगशाळेंत जावयाचें, पावणेदहाच्या सुमारास घरीं येऊन स्नान-भोजन उरकून कचेरी गांठावयाची, आणि सायंकाळीं पांच वाजतां कचेरींतून परस्पर पुन्हां प्रयोगशाळेंत जाऊन रात्रीं घरीं परतावयाचें. रविवारचा सबंध दिवसहि तेथेंच जाई. मध्यंतरीं सरकारनें त्यांस प्रथम रंगूनला व नंतर, १९१० मध्यें, आपल्या नागपुरास बदलून पाठविलें. तेथें प्रयोगशाळा नव्हती, म्हणून त्यांनीं राहत्या घराच्याच एका भागांत प्रयोग मांडले. पुढच्याच वर्षीं ते कलकत्त्यास परत आले.

सन १९१७ मध्यें सर आशुतोष मुखर्जी यांनीं त्यांस कलकत्ता विश्वविद्यालयांत पालित प्राध्यापकाची जागा देऊं केली. पगार हिशेबखात्यापेक्षां जवळजवळ निम्मा होता. सरकारी नोकरींत चढत्या अधिकाराची वाट मोकळी होती, घरीं पत्नी होती, आणि प्राध्यापकीनें पुढें कांहीं नांव होईलच, याची हमी कोणी देऊं शकत नव्हतें. रामन यांनीं ती जागा घेतली. आजच्या पालकांनीं आपल्या मुलानें असें केल्यास काय म्हटलें असतें, याचा विचार त्यांनीं आपल्याशींच करावा.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. नारकुंडेवरून उतरल्यापासून प्रकाशाचें विखुरणें हा रामन व त्यांचे शिष्य यांचा ध्यास झाला. पाणी, बर्फ, निरनिराळे द्रव यांमधून प्रकाश सोडून बाजूस विखुरलेला प्रकाश ते पाहत. सन १९२३ मध्येंच रामनाथन या शिष्यास विखुरलेल्या प्रकाशांत मूळच्या रंगाहून वेगळ्या रंगाची क्षीण छटा दिसली होती. द्रवांत कांहीं मळ राहिला असेल व तो चमकत असेल, असें प्रथम सर्वांस वाटलें. म्हणून द्रव पुन्हां पुन्हां शुद्ध केले. छटा गेली नाहीं. १९२८ च्या जानेवारींत वेंकटेश्वरन या दुसऱ्या शिष्यानें शुद्ध ग्लिसरिनांतून येणारा प्रकाश निळा नसून हिरवा असल्याचें पाहिलें. क्ष-किरण विखुरतांना त्यांची तरंगलांबी बदलते, हें अमेरिकेंतील कॉम्प्टन यांनीं दाखविलें होतें व १९२७ मध्यें त्यांस त्यासाठीं नोबेल पारितोषिकहि मिळालें होतें. दृश्य प्रकाशाचेंहि असेंच कांहीं होत असावें, असा संशय रामन यांच्या मनांत दृढ झाला.

मग त्यांनीं व करियमाणिक्कम् श्रीनिवास कृष्णन् यांनीं जो प्रयोग केला, तो आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस सहज समजेल इतका साधा आहे. सुमारें सात इंच व्यासाच्या दुर्बिणीनें सूर्यप्रकाश एकवटावयाचा, त्याच्या वाटेंत जांभळी-निळी काच ठेवावयाची, आणि तो द्रवाच्या कुपींत सोडावयाचा. बाजूनें पाहणाऱ्यानें आपल्या डोळ्यापुढें पिवळट-हिरवी काच धरावयाची; ही काच जांभळा-निळा प्रकाश मुळींच जाऊं देत नाहीं. म्हणजे प्रकाशाचा रंग बदलत नसेल, तर काळोख दिसला पाहिजे. अंधारांत बराच वेळ बसून डोळे सरावल्यावर त्यांस काळोख दिसला नाहीं. द्रवांत एक अंधुक पट्टा दिसला. असे सुमारें साठ द्रव त्यांनीं तपासले, आणि प्रत्येकांत तो दिसला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं सूर्याऐवजीं पाऱ्याच्या दिव्याचा एकरंगी प्रकाश घेऊन वर्णपटदर्शकांतून पाहिलें, तेव्हां मूळ रेषेच्या शेजारीं नव्या रेषा स्वच्छ दिसल्या. तोच दिवस आज राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून शाळाशाळांतून पाळतात. मॉस्को येथें लँड्सबर्ग व मांडेलश्टाम यांनांहि जवळजवळ त्याच सुमारास स्फटिकांत हाच चमत्कार दिसला होता. परंतु रामन यांचें वृत्त आधीं प्रसिद्ध झालें. कृष्णन् यांचें नांव लोक फार लवकर विसरतात, म्हणून आम्हीं तें मुद्दाम पूर्ण लिहिलें आहे. पारितोषिक एकास मिळालें, तरी त्या अंधाऱ्या खोलींत दिवसामागून दिवस डोळे ताणणारे दोघे होते.

हा रंगबदल होतो कसा? पूर्वीं शहराच्या वेशीवर जकातनाके असत, तें पालकांस आठवत असेल. प्रकाशाचा कण रेणूजवळून जातांना रेणु त्याच्याकडून कधींकधीं शक्तीचा थोडासा अंश जकातीसारखा कापून घेतो व आपण कंप पावूं लागतो. शक्ति कमी झालेला कण बाहेर पडतो, तो तांबड्याकडे झुकलेल्या रंगाचा असतो. गंमत अशी, कीं प्रत्येक जातीच्या रेणूचे जकातीचे दर ठरलेले व इतरांहून निराळे असतात. म्हणून बाहेर पडलेल्या प्रकाशाच्या रेषा मोजल्या, तर आंत कोणता पदार्थ आहे, तें न चाखतां, न जाळतां ओळखतां येतें. आमच्या शहाडला रेयॉनचा धागा होतो. त्यासाठीं लागणारा कार्बन डायसल्फाइड हा उग्र द्रव घेतला, तर त्याची एक ठळक रेषा नेहमीं त्याच ठिकाणीं येते. बेंझिनची निराळ्या ठिकाणीं येते.

परंतु या जकातींत एक मोठी अडचण आहे. विखुरलेल्या सुमारें एक कोट कणांपैकीं एखाद्याकडूनच ती घेतली जाते. बाकीचे सारे जसे आले तसे निघून जातात. म्हणून हा प्रकाश अतिशय क्षीण असतो. त्याचे फोटो घेण्यास त्या काळीं कित्येक तास, प्रसंगीं दिवसचे दिवस काच उघडी ठेवावी लागे. अधिक चांगलें वर्णपटलेखक यंत्र विकत घेण्यासाठीं रामन यांनीं घनश्यामदास बिर्ला यांच्याकडे पैसे मागितले, व हें यंत्र मिळाल्यास आपण नोबेल पारितोषिक मिळवूं असें आत्मविश्वासानें कळविलें, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. आमच्या शहाडचें बिर्ला मंदिर ज्या घराण्याच्या नांवानें ओळखलें जातें, त्याच घराण्यांतील हे घनश्यामदास. पारितोषिक १९३० मध्यें मिळालें. विज्ञानासाठीं तें मिळविणारे रामन हे आशिया खंडांतील पहिले गृहस्थ होत.

सन १९३३ मध्यें ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले हिंदी संचालक झाले. त्यांच्या चरित्रांतील एक प्रसंग आम्ही लपवूं इच्छित नाहीं, कारण तो आपल्या मुंबईच्या एका मुलीचा आहे. कमला भागवत ही मुंबई विश्वविद्यालयाच्या बी. एस्‌सी. परीक्षेंत पहिली आलेली मुलगी. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत यांची धाकटी बहीण. तिचे वडील व चुलते दोघेहि बंगलोरच्याच संस्थेंत शिकून रसायनशास्त्रज्ञ झाले होते. त्या वर्षीं तिनें तेथें अर्ज केला, तो रामन यांनीं नाकारला. ती स्त्री आहे, याखेरीज दुसरें कारण नव्हतें. अंधारांत कोटींतला एक किरण शोधणाऱ्या डोळ्यांस समोर उभी असलेली बुद्धिमत्ता दिसूं नये, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. कमलाबाई परत गेल्या नाहींत. त्यांनीं संचालकांच्या कचेरींत सत्याग्रह केला, तेव्हां एक वर्ष उमेदवारीवर ठेवण्याच्या व पुरुष विद्यार्थ्यांच्या कामांत व्यत्यय न आणण्याच्या अटीवर त्यांस प्रवेश मिळाला. या अटी अपमानाच्या होत्या. त्यांनीं त्या सोसल्या आणि श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम केलें. वर्ष संपतांना रामन यांचें मत बदललें, आणि पुढें त्या संस्थेचें दार मुलींना उघडें झालें. कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, यांनीं १९३९ मध्यें केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली, व मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालिका झाल्या. रामन यांस जें श्रेय द्यावयाचें तें मत बदलल्याचें; तें मत बदलावयास लावण्याचें श्रेय मात्र कमलाबाईंचें आहे.

संस्थेंतील वादामुळें १९३७ मध्यें रामन यांनीं संचालकपद सोडलें, तरी १९४८ पर्यंत ते तेथें प्राध्यापक राहिले. नंतर त्यांनीं बंगलोरमध्यें स्वतःची संशोधनसंस्था काढली. १९५४ मध्यें भारतरत्न हा बहुमान त्यांस मिळाला. हिरे, मोत्याचे शिंपले, फुलपाखरांचे पंख व पक्ष्यांचीं पिसें यांचे रंग पाहण्यांत म्हातारपणींहि ते रमून जात. यांतील कित्येक रंग द्रव्याचे नसून पृष्ठभागाच्या सूक्ष्म ठेवणीचे असतात. २१ नोव्हेंबर १९७० रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांच्याच संस्थेच्या बागेंत दहन झालें, व तेथें समाधीऐवजीं एक झाड लावण्यांत आलें.

एरवीं चरित्र येथें संपावयाचें. परंतु या चरित्रांतील सोन्याचा भाग रामन यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं सुरू होतो. सन १९७४ मध्यें इंग्लंडांतील साउदम्टन येथें फ्लाइशमन, हेंड्रा व मॅक्विलन या तिघांनीं रुप्याचा विद्युदग्र मुद्दाम खडबडीत केला व त्यावर चिकटलेल्या पिरिडीन या द्रव्याच्या रामन-रेषा पाहिल्या. खडबडीत केल्यानें पृष्ठभाग वाढेल, अधिक रेणु बसतील, रेषा थोड्या ठळक होतील, इतकाच त्यांचा हिशेब होता. रेषा फार ठळक आल्या. १९७७ मध्यें अमेरिकेंत जॉनमेर व व्हॅन डाइन यांनीं, आणि इंग्लंडांत अल्ब्रेक्ट व क्राइटन यांनीं हिशेब करून पाहिला, तेव्हां वाढलेल्या पृष्ठभागानें या गोष्टीचा उलगडा होत नाहीं असें दिसून आलें. प्रत्येक रेणूचा प्रकाशच लाखों पटींनीं वाढला होता.

याचें कारण धातूंत आहे. धातूच्या सूक्ष्म कणांत विद्युत्कण मोकळे असतात. परातींत पाणी घेऊन ती ठराविक तालावर हलविली, तर थोड्या हालचालीनेंहि पाणी कांठावर उसळतें. त्याप्रमाणें योग्य रंगाचा प्रकाश पडला कीं हे विद्युत्कण एकजुटीनें हेलकावे घेतात, आणि कणाच्या टोकांशीं प्रकाशाचा जोर अतोनात वाढतो. दोन कण अगदीं जवळ असले, तर दोन डोंगरांमधल्या खिंडींत वारा जसा जोरानें वाहतो, तसा त्यांच्या फटींत हा जोर सर्वांत अधिक होतो. तेथें सांपडलेला रेणु दहा लाख पट, कधीं त्याहूनहि पुष्कळ अधिक प्रकाश देतो. १९९७ मध्यें रुप्याच्या कणांवर बसलेला एकटा एक रेणु या रीतीनें ओळखतां आला. ही फट कांहीं नॅनोमीटरांचीच हवी. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केंस जाडीला सुमारें ऐंशीं हजार ते एक लाख नॅनोमीटर भरतो.

रुप्यानें प्रकाश अधिक वाढतो, परंतु घरांतील चांदीचीं भांडीं काळीं पडतात, तसा रुप्याचा पृष्ठभागहि खराब होतो. सोनें काळें पडत नाहीं. मात्र तें निळा-हिरवा प्रकाश स्वतःच गिळतें, म्हणून त्यावर तांबडा किंवा त्याहूनहि पलीकडचा, डोळ्यांस जेमतेम दिसणारा प्रकाश टाकावा लागतो. सोन्याचे असे बारीक कण पाण्यांत तरंगत ठेवले, तर पाणी माणकासारखें लाल दिसतें, हें मायकेल फॅरडे यांनीं १८५७ मध्येंच दाखविलें होतें. त्यांच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अजून जपून ठेविल्या आहेत.

आतां खरें काम आहे तें पृष्ठभाग हवा तसा घडविण्याचें. एक रीत व्हॅन डाइन यांनीं रूढ केली, ती गोट्या खेळणाऱ्या मुलांस लगेच कळेल. तबकांत एकाच मापाच्या गोट्या दाटीनें भरल्या, तर प्रत्येक गोटीभोंवतीं सहा गोट्या बसतात व मधूनमधून त्रिकोणी फटी राहतात. कांचेवर अतिसूक्ष्म गोळ्यांचा असाच एक थर पसरावयाचा, वरून धातूची वाफ सोडावयाची, व मग गोळ्या काढून टाकावयाच्या. फटींतून कांचेवर बसलेले धातूचे लहान लहान त्रिकोण ओळीनें उरतात. सोनें किती लागतें, अशी शंका पालकांस येईल. पन्नास नॅनोमीटर जाडीचा थर एक चौरस सेंटिमीटर जागेवर दिला, तर तो एका ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाइतका भरतो; म्हणजे हिशेबानें एका तोळ्यांत असे लाखावर तुकडे होतील.

परंतु येथेंहि सर्व सुरळीत नाहीं. फट जितकी अरुंद, तितका प्रकाश अधिक. आणि फट जितकी अरुंद, तितकी ती सर्वत्र सारखी राखणें कठीण. एकाच पत्र्याच्या एका कोपऱ्यावर रेषा ठळक येते, तर दुसऱ्यावर फिकी, आणि मग द्रव्य किती आहे तें खात्रीनें सांगतां येत नाहीं. शिवाय हा लाभ धातूपासून कांहीं नॅनोमीटरांतच मिळतो. जो रेणु सोन्यास चिकटत नाहीं, त्यास तो मिळत नाहीं. म्हणून कोणी तारकेसारखे अणकुचीदार कण करितात, कोणी खांबांच्या रांगा उभारितात, कोणी सोन्यावर निवडक रेणूंस धरून ठेवणारा लेप देतात. दुधांतील भेसळीचें मेलामिन किंवा फळांच्या सालीवर राहिलेलें कीटकनाशक अशा पत्र्यांनीं ओळखण्याचे प्रयोग झाले आहेत. नमुन्याचा एक थेंब पत्र्यावर ठेवतात, वाळूं देतात व त्यावर लेसरचा तांबडा किरण धरतात. ज्या रेषांसाठीं रामन व कृष्णन् यांस अंधारांत डोळे सरावून बसावें लागलें, त्या कांहीं सेकंदांत पडद्यावर उमटतात.